चोखंदळ ग्राहक, मापाची पट्टी आणि चामड्याची एक बॅग

मी त्रासदायक ग्राहक आहे, हे सुरुवातीलाच कबूल केलेले बरे; कारण पुढे जे लिहिले आहे ते बॅगेचे परीक्षण जितके आहे, तितकेच ती बनवणाऱ्या कारागिराने माझ्यासारख्याला कसे सांभाळले याचेही आहे. शिवणीतला एखादा टाका कलला असेल, तर वस्तू हातात असेपर्यंत माझी नजर त्या टाक्यावरून हलत नाही. घरची मंडळी या स्वभावाला किरकिर म्हणतात आणि मी चोखंदळपणा म्हणतो. या दोन शब्दांत नेमका फरक काय, हे मला या बॅगेच्या निमित्ताने नीट कळले, आणि तो फरक ग्राहकापेक्षा कारागिराच्या हातात अधिक असतो, असे आता माझे मत झाले आहे.

हे मत बनायला आधीचा एक वाईट अनुभव कारणीभूत आहे. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका कार्यशाळेकडून कागदपत्रांची बॅग बनवून घेतली होती. तिथल्या गृहस्थांचा स्वभाव अत्यंत गोड होता आणि माझ्या प्रत्येक मागणीला त्यांचे एकच उत्तर असे, "होऊन जाईल." चामडे अगदी मऊ हवे, होऊन जाईल, बॅग रिकामी असतानाही उभी राहिली पाहिजे, तेही होऊन जाईल, रंग या छायाचित्रातल्यासारखा हवा, त्याची काळजीच करू नका. बॅग हाती आली तेव्हा ती मऊ होती आणि म्हणूनच उभी राहत नव्हती, रंग छायाचित्राच्या जवळपासही नव्हता, आणि पुढचे दोन महिने आम्ही दोघांनी एकमेकांना यथेच्छ मनस्ताप दिला. त्या व्यवहारात किरकिरा मीच ठरलो. पण मऊपणा आणि ताठपणा एकाच चामड्याकडून, आत कोणताही आधार न घालता मागणे हे परस्परविरोधी आहे, हे मला सांगण्याचे काम ज्यांचे होते, त्यांनी ते केले नव्हते.

या वेळच्या कारागिरांकडे मी दीड पानांची यादी आणि फोनमध्ये अकरा छायाचित्रे घेऊन गेलो. त्यांनी यादी बाजूला ठेवली, छायाचित्रे पाहिलीच नाहीत, आणि म्हणाले, "बॅगेत रोज जे काही असेल ते सगळे आधी या टेबलावर मांडा." लॅपटॉप, चार्जर, जाडजूड वही, चष्म्याचे घर, छत्री आणि पाण्याची बाटली असा पसारा त्यांनी वजनकाट्यावर ठेवला, तर तो जवळपास साडेचार किलो भरला. मग त्यांनी प्रत्येक वस्तूची लांबी, रुंदी आणि जाडी लिहून घेतली आणि मला विचारले की बॅग एका खांद्यावर लटकवायची की तिरकी घालायची, बसताना ती मांडीवर ठेवायची की जमिनीवर, आणि यातली कोणती वस्तू मला न बघता, हात घालून काढता आली पाहिजे. माझ्या यादीतला एकही मुद्दा या प्रश्नांत नव्हता. तरीही या प्रश्नांची उत्तरे देता देता यादीतल्या निम्म्या मागण्या आपोआप गळून पडल्या. "बॅग वजनाने अगदी हलकी हवी" ही त्यातली पहिली. कारण साडेचार किलोंचा भार रोज वाहणारा पट्टा 38 मिलिमीटर रुंद आणि साडेतीन मिलिमीटर जाड असला पाहिजे, अंगाचे चामडे 2 मिलिमीटरचे असले पाहिजे, आणि एवढे साहित्य लागले की रिकामी बॅगच दीड किलोच्या आसपास जाते. पाण्याची बाटली मात्र त्यांनी सरळ यादीतून काढायला लावली. ती गळली तर लॅपटॉपचे नुकसान होईलच, शिवाय आतल्या न रंगवलेल्या चामड्यावर पाण्याचे डाग पडतील, आणि त्या डागांसाठी तुम्ही मला फोन कराल, असे त्यांनी हसत हसत पण स्पष्टपणे सांगितले.

चामड्याच्या प्रकाराची चर्चा त्यांनी फार लांबवली नाही. झाडांच्या सालीतल्या टॅनिनने कमावलेले चामडे ताठ असते, त्याची कड घासून गुळगुळीत करता येते, ते वापराने आणि उजेडाने गडद होत जाते आणि त्यावर ओरखडे लवकर उठतात. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले चामडे मऊ असते, पाण्याला तुलनेने बरे टिकते आणि रंग फारसा बदलत नाही, पण त्याची कड तशी घासली जात नाही, ती रंगाने बंद करावी लागते किंवा दुमडावी लागते. दोन्हींचे तुकडे माझ्या हातात देऊन त्यांनी नखाने एकेक रेघ ओढायला लावली. ओरखडा बघून तुमच्या पोटात गोळा येत असेल तर पहिल्या प्रकाराच्या वाटेला जाऊ नका, एवढाच त्यांचा सल्ला होता. मी पहिलाच प्रकार निवडला, पण तो डोळे उघडे ठेवून निवडला.

रंगाच्या बाबतीत त्यांनी जे केले ते मला सर्वांत आवडले. मला "जुन्या अक्रोडाच्या लाकडासारखा" तपकिरी हवा होता. हे वर्णन ऐकून त्यांनी होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. तळहाताएवढे तीन रंगवलेले तुकडे दिले, प्रत्येकाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला आणि ते दोन आठवडे खिडकीशी ठेवायला सांगितले. दोन आठवड्यांनी कागद काढला तेव्हा प्रत्येक तुकड्यावर सरळ रेषेने दोन रंग पडलेले होते; उघडा भाग ठळकपणे गडद झाला होता. "आज तुम्ही जो निवडाल तो बॅगेचा पहिल्या दिवसाचा रंग असेल," ते म्हणाले, "वर्षभरानंतरचा रंग हवा असेल तर एक पायरी फिका घ्या." मी मधला तुकडा मनात धरला होता, तो सोडून सर्वांत फिका घेतला. फोनच्या पडद्यावरून रंगाचा निर्णय करायचा नाही, तो हातातल्या तुकड्यावरून आणि दिवसाच्या उजेडातच करायचा, हा त्यांचा नियम आहे आणि त्याला ते कोणासाठीही अपवाद करत नाहीत. निवडलेल्या तुकड्याचे त्यांनी दोन भाग केले, दोहोंवर तारीख घातली, एक मला दिला आणि एक स्वतःच्या वहीला टाचला. पुढे रंगावरून वाद झालाच असता, तर त्याचा निवाडा या दोन तुकड्यांनी केला असता.

त्यानंतर कापणीच्या आधी त्यांनी मला बोलावून अख्खे कातडे टेबलावर पसरून दाखवले. कातड्याचा वरचा थर घासून एकसारखा केलेला नसेल, तर जनावराच्या आयुष्याच्या खुणा त्यावर राहतातच. कुठे किड्यांच्या चाव्यांचे बारीक खळगे, कुठे भरून आलेला ओरखडा, मानेकडे सुरकुत्या, कुठे शिरांच्या रेषा. चोखंदळ ग्राहकाशी होणारी भांडणे बहुधा याच जागी होत असावीत, कारण कारागिराला जी अस्सलपणाची खूण वाटते ती ग्राहकाला खोट वाटते, आणि वस्तू तयार झाल्यावर हा मतभेद मिटवायला कोणतीही जागा उरलेली नसते. यांनी तो मतभेद कापणीच्या आधीच टेबलावर आणला. बॅगेच्या प्रत्येक भागाचे जाड कागदाचे साचे त्यांनी कातड्यावर मांडले आणि मला सांगितले की पाठीकडचा भाग घट्ट असतो, म्हणून पट्टा आणि झाकण तिथूनच निघाले पाहिजे. पोटाकडचा भाग सैल असतो आणि ताणला जातो, म्हणून भार घेणारा कोणताही भाग तिथून काढायचा नाही. पट्टा कण्याच्या दिशेने कापायचा, म्हणजे तो कमी ताणला जातो. या अटी पाळल्यावर साचे हलवायला जी थोडी जागा उरत होती ती त्यांनी माझ्या स्वाधीन केली. झाकण स्वच्छ भागातून हवे असेल तर मागच्या भागावर मानेची एक सुरकुती येणार, आणि मागचा भाग स्वच्छ हवा असेल तर ती खोट झाकणाच्या कोपऱ्यात जाणार. दोन्ही स्वच्छ हवे असतील तर दुसरे कातडे घ्यावे लागेल आणि त्याचा खर्च माझा. मी साचे अर्धा तास इकडून तिकडे सरकवले, त्यांनी त्या वेळात दुसऱ्या कोणाचे पाकीट शिवले, आणि शेवटी सुरकुती मागच्या बाजूला गेली. त्या सुरकुतीबद्दल मी आजवर एकदाही तक्रार केलेली नाही, कारण तिची जागा मीच ठरवली होती. असे होणार हे त्यांना आधीपासून ठाऊक असावे, अशी मला दाट शंका आहे.

त्या दिवशी माझ्यासमोर एक कागद आला, ज्यावर बॅगेची सर्व मापे, दोऱ्याचा रंग व जाडी, टाक्यांमधले अंतर, बकलांचा धातू आणि कप्प्यांची रचना लिहिलेली होती. शिवलेल्या मापांत 3 मिलिमीटरपर्यंतचा फरक मान्य धरावा, हेही त्यात होते. त्याच कागदावर बदल कधीपर्यंत करता येतील हे टप्प्याटप्प्याने नोंदवले होते: पुठ्ठ्याचा नमुना मंजूर होईपर्यंत काहीही बदला, त्यातही दोन फेऱ्यांपर्यंत वेगळे पैसे नाहीत; कापणी झाल्यावर मापे बदलणार नाहीत; भोके पाडल्यावर शिवणीची जागा बदलणार नाही. कापडाची शिवण उसवून पुन्हा घालता येते, चामड्यात एकदा पडलेले भोक मात्र बुजत नाही. अर्धी रक्कम विसार म्हणून कापणीपूर्वी द्यायची होती. माझ्यासारख्याला असा कागद सुरुवातीला अपमानास्पद वाटतो, हे मी नाकारत नाही. पण खरे सांगायचे तर या कागदाने माझी चिंता कमी केली, कारण कोणत्या दिवसापर्यंत शंका काढायच्या आणि कोणत्या दिवसानंतर गप्प बसायचे, हे मला प्रथमच कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगत होते.

निरोपांच्या बाबतीतही त्यांची शिस्त अशीच कडक निघाली. एका रात्री मी त्यांना चौदा निरोप पाठवले. त्यांनी रात्री एकालाही उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी क्रमांक घालून चौदा ओळींचे एकच उत्तर आले आणि त्याखाली विनंती होती की यापुढे शंका लिहून ठेवाव्यात आणि आठवड्यातून एकदा एकत्र पाठवाव्यात. मी दोन दिवस रुसून होतो. नंतर लिहून ठेवायला लागलो तेव्हा लक्षात आले की सोमवारी जी शंका जीवनमरणाची वाटते ती गुरुवारी यादीतून खोडली जाते.

त्यांनी दिलेले नकारही सांगितले पाहिजेत. मला सगळ्या बॅगेवर अगदी बारीक, 3 मिलिमीटरचे टाके हवे होते, कारण ते नाजूक दिसतात. त्यांनी एक जुनी पट्टी आणून दाखवली, जिच्यावर जाड दोऱ्यासाठी भोके फार जवळजवळ पाडली होती. ती दोन्ही हातांनी ओढल्याबरोबर टपाल तिकिटांच्या कागदासारखी भोकांच्या ओळीतून फाटली. शेवटी भार घेणाऱ्या शिवणींना 4 मिलिमीटर आणि आतल्या छोट्या कप्प्याला 3 मिलिमीटर असे ठरले. माझ्यासमोर एका गिऱ्हाईकाने प्रसिद्ध कंपनीचे चिन्ह बॅगेवर उठवून मागितले, तेव्हाही त्यांचा आवाज चढला नाही. "बॅग बनवून देतो, चिन्ह देणार नाही," एवढे बोलून ते पुन्हा आरीला मेण लावू लागले. नकार इतका थोडक्यात देता येतो, हे मी त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे, पण शिकेन असे वाटत नाही.

एवढे सगळे होऊनही मी मध्येच एक बदल मागितलाच. पट्ट्याची कडी जिथे बसणार होती तिथून ती 2 सेंटिमीटर पुढे हवी, असे मला भोके पाडून झाल्यावर वाटले. कागद दाखवून ते नाही म्हणू शकले असते, आणि मला गप्प बसावे लागले असते. त्यांनी आधी पुठ्ठ्याचा जुना नमुना शोधून काढला, त्यात साडेचार किलो वजन भरून तो माझ्या खांद्यावर दिला आणि कडीची जागा बदलून पाहायला लावली. फरक खरोखरच होता. बॅग पुढे झुकत होती, आणि हे नमुन्याच्या वेळी आपल्याही लक्षात यायला हवे होते, असे ते म्हणाले. मग त्यांनी तीन पर्याय ठेवले: आहे तसे राहू द्यायचे; बाजूचा भाग नव्याने कापायचा, ज्याचे साहित्य माझे आणि मजुरी त्यांची, आणि आणखी एक आठवडा; किंवा जुन्या भोकांवर चामड्याची एक पट्टी शिवायची, जी दिसेल. मी घाईत तिसरा पर्याय निवडला. दुसऱ्या बाजूला गरज नसतानाही त्यांनी तशीच पट्टी लावली, म्हणजे निदान ती मुद्दाम लावल्यासारखी दिसेल. तरीही संपूर्ण बॅगेत मला न आवडणारी जागा तीच आहे, आणि ती माझी आहे.

बॅग देताना त्यांनी ती कागदात गुंडाळून हातात ठेवली नाही. मापाची पट्टी आणि तोच ठरावाचा कागद देऊन त्यांनी मला सांगितले की इथेच बसून सगळे तपासा, घरी गेल्यावर दिसणाऱ्या गोष्टी इथेच दिसू द्या. मला तीन गोष्टी सापडल्या. एक कप्पा 2 मिलिमीटर अरुंद होता, पण ते मान्य फरकात बसत होते, त्यामुळे मी तोंड उघडले नाही. झाकणाच्या एका कोपऱ्यात कड खरखरीत लागत होती. त्यांनी तिथेच घासपट्टी काढली, कड ओलसर केली, लाकडी घोट्याने घासली आणि दहा मिनिटांत ती बोटाला काचेसारखी लागू लागली. तिसरी तक्रार अशी होती की पुढून सगळे टाके सुबकपणे तिरके दिसत होते, मात्र मागून ते तितके तिरके नव्हते. दोन सुया एकाच भोकातून समोरासमोर घालून केलेल्या हातशिवणीत पुढची आणि मागची बाजू हुबेहूब सारखी येईलच असे नाही, आणि तिचा खरा गुण हा की एखादा टाका तुटला तरी दुसऱ्या बाजूचा दोरा शिवण धरून ठेवतो, यंत्राच्या शिवणीसारखी ती सहज उसवत जात नाही, हे त्यांनी समजावले. स्पष्टीकरण पटले, तरी निवडीच्या वेळी नमुन्याची मागची बाजू दाखवायला हवी होती, हे माझे म्हणणेही त्यांनी मान्य केले आणि वहीत तशी नोंद केली.

दोष नाहीत असे नाही. पहिल्या आठवड्यात पट्ट्याचा तपकिरी रंग माझ्या फिक्या सदऱ्याच्या खांद्यावर उतरला. गडद रंगवलेल्या चामड्यावरचा जादा रंग नीट पुसला गेला नसेल किंवा वरचा लेप पुरेसा नसेल तर असे होते, आणि कोरडे पांढरे कापड दहा-पंधरा वेळा घासून पाहिले असते तर ते देण्यापूर्वीच कळले असते. इतक्या काटेकोर माणसाकडून ही साधी चाचणी राहून जावी याचे मला आश्चर्य वाटले. त्यांनी वाद न घालता पट्टा परत घेतला आणि पाच दिवसांत घासून, नवा लेप देऊन दिला. सदरा मात्र गेला तो गेलाच. शिवाय सहा आठवड्यांचे काम नऊ आठवड्यांवर गेले, त्यातला एकच आठवडा माझ्या बदलामुळे वाढला होता. उरलेल्या दोन आठवड्यांबद्दल मी विचारेपर्यंत त्यांनी काहीच कळवले नाही. ग्राहकाने आठवड्यातून एकदाच लिहावे असा नियम करणाऱ्याने आठवड्यातून एकदा स्वतःही लिहायला हरकत नसावी.

ज्यांना तयार वस्तूंतून निवडून अर्ध्या तासात बाहेर पडायचे आहे, त्यांना इथे कंटाळा येईल. प्रश्नांची सरबत्ती, तुकडे, साचे आणि सह्या यांचा त्यांना त्रासच वाटेल. ज्यांच्या डोक्यात वस्तू आधीच पूर्ण तयार आहे आणि जे तिच्यावरून आधी कोणाशी तरी भांडलेले आहेत, त्यांनी मात्र जरूर जावे. बॅग आता आठ महिने वापरात आहे. झाकण खिडकीतल्या तुकड्याच्या उघड्या भागाइतके गडद झाले आहे, शिवण कुठेही सैल नाही आणि पट्टा ताणला गेलेला नाही.

गेल्या आठवड्यात मी कमरेच्या पट्ट्याची मागणी नोंदवायला गेलो आणि मोठ्या आत्मविश्वासाने पँटच्या मापाचा आकडा सांगितला. त्यांनी तो लिहून घेतला नाही. सध्या वापरत असलेला पट्टा काढायला लावून त्यांनी बकलाच्या दुमडीपासून मी रोज वापरतो त्या भोकापर्यंतचे अंतर मोजले, ते मधले भोक धरले आणि दोन्ही बाजूंना 25 मिलिमीटरवर दोन-दोन अशी एकूण पाच भोके आखली. मी सात मागितली. त्यांनी शांतपणे विचारले की एवढे बारीक किंवा जाड होण्याचा विचार आहे का, आणि कागदावर पाच लिहिले.